मॅटफिल्ड ग्रीनला एक रात्र

आधी आमची फजिती सांगते, म्हणजे तुमचा तास-दीड तास वाचेल. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मॅटफिल्ड ग्रीन नावाच्या दोन जागा आहेत. एक खरं गाव, २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ४९. दुसरा म्हणजे कॅन्सस टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर ९७ व्या मैलाला असलेला पेट्रोल-बर्गरचा थांबा. मी फोनमध्ये घाईघाईत नुसतं नाव टाकलं आणि विचिटाहून निघून थेट त्या थांब्यावर येऊन उभी राहिले. तिथून गावात जायला रस्ता नाही. कॅसोडेची ९२ नंबरची एक्झिट मागे राहिलेली, पुढची एकदम एम्पोरिया, १२७. मध्ये बझारजवळ एक फाटा दिसतो, पण तो गुरांच्या ट्रकांसाठी. सत्तरेक मैलांचा वळसा पडला. मागच्या सीटवरून बाबा एवढंच म्हणाले, "अगं, मनमाडला उतरायचं ते भुसावळला उतरल्यासारखं झालं."

थांब्यावर एक बघण्यासारखं मात्र आहे. नोत्र दाम विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक न्यूट रॉकनी ३१ मार्च १९३१ ला विमान अपघातात गेले, तो बझारजवळच्या माळावर. त्यांचं स्मारक या थांब्यावर आहे. अपघाताची जागा खासगी कुरणात आहे, तिकडे आपलं आपण घुसायचं नाही.

विचिटाहून येणाऱ्यांनी कॅसोडेला उतरून १७७ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला यावं, एकूण तासाभराची वाट. कॅन्सस सिटीहून येणाऱ्यांनी एम्पोरियाला उतरून ५० नंबरने स्ट्राँग सिटी आणि तिथून १७७ ने दक्षिणेला यावं. टर्नपाइकवर २०२४ पासून रोख टोल घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो काढून बिल येतं. गाडी भाड्याची असेल तर टोलचं काय ते आधीच विचारून घ्या. टाकी एम्पोरियाला किंवा विचिटाला भरा.

आता गाव. चार-पाच रस्ते, थोडी घरं, दगडी भिंतींचे तुकडे आणि गावाला खेटून रूळ. शिकागो ते लॉस एंजेलिस ही बीएनएसएफ रेल्वे कंपनीची मुख्य मालवाहू वाट इथून जाते. तेव्हाच्या सांता फे रेल्वे कंपनीने एलिनॉरपासून एल डोराडोपर्यंतचा जवळचा मार्ग १९२०च्या दशकात काढला आणि गाव त्या रुळांवर आलं. मग गँगमन आले, त्यात बरेच मेक्सिकन. टेक्सासची गुरं गाडीने इथे उतरायची, उन्हाळाभर चरून लठ्ठ व्हायची आणि गाडीनेच पुढे कत्तलखान्यांकडे जायची. आता गुरं ट्रकने येतात. गाड्या मात्र वाढल्या, फक्त इथे एकही थांबत नाही.

रेल्वे कामगारांचं जुनं बंकहाऊस दुरुस्त करून राहायला देतात. आम्ही तिथेच उतरलो. माझं स्पष्ट मत आहे: दिवसा येऊन फोटो काढून परत जाणार असाल तर येऊच नका. रात्र काढा. झोप लागणार नाही हे धरूनच या.

बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते बाबांना अजून पचलेलं नाही. अंधार पडल्यावर ते खुर्ची घेऊन बाहेर बसले. पहिली गाडी आली, पुढे तीन इंजिनं, मागे दुमजली कंटेनर, मग अगदी शेवटी आणखी एक इंजिन. फाटकापाशी शिटी: दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, आणि ही शेवटची इंजिन फाटकात शिरेपर्यंत सोडत नाहीत. टेबलावरचा चहा कपात थरथरत होता. दुसरी गाडी गेली तेव्हा शेवटच्या डब्याच्या कप्लिंगला लावलेली लाल लुकलुकती पेटी त्यांना दिसली.

"गार्डाचा डबा कुठाय?"

मी सांगितलं, तो इथे १९८०च्या दशकापासून गेलाच. ती पेटी ब्रेक पाइपचं प्रेशर रेडिओवरून इंजिनात कळवते, आणि कंडक्टर, म्हणजे इथला गार्ड, पुढे ड्रायव्हरजवळ बसतो. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे गार्डाला पुढे नेऊन बसवला आणि त्याच्या जागी कंदील टांगला." सतरा गाड्या मोजून मी आत गेले, ते बसूनच होते.

रूळ ओलांडायचे ते फक्त फाटकावर. रुळांच्या कडेने चालणं गुन्हा आहे, आणि दुमजली गाडी पलीकडून येते तेव्हा वाऱ्यात तिचा आवाज ऐकू येतोच असं नाही.

आम्ही एप्रिलच्या मध्यावर गेलो, कारण तेव्हा इथे माळ जाळतात. रात्री टेकडीच्या कडेवर नारिंगी रेघ सरकत जाताना दिसते, आणि दहा-बारा दिवसांत त्याच काळ्या जमिनीवर कोवळी हिरवळ येते. बाबांना राब भाजणं आठवलं, पण इथे पेरायचं काहीच नसतं. जाळल्याने झाडोरा मरतो, गवताची मुळं दहा फूट खोल असतात, त्यांना काही होत नाही. उंच गवताचा माळ, म्हणजे प्रेअरी, अमेरिकेत आता चार टक्केही उरलेला नाही, आणि उरला त्यातला बहुतेक इथे, कारण या टेकड्यांच्या चुनखडीत गारगोटी आहे. नांगर चाललाच नाही. दमा असेल तर एप्रिल टाळा, धूर फार असतो. माणसाएवढं गवत बघायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर.

दुसऱ्या दिवशी स्ट्राँग सिटी. हे नाव सांता फेचे अध्यक्ष विल्यम बॅरस्टो स्ट्राँग यांच्यावरून. ॲमट्रॅकची साउथवेस्ट चीफ ही प्रवासी गाडी इथून रात्री जाते, थांबत नाही. न्यूटनला थांबते, तीही मध्यरात्रीनंतर, त्यामुळे मोटारीनेच या. उत्तरेला दोन मैलांवर टॉलग्रास प्रेअरी राखीव क्षेत्र, जवळपास ११,००० एकर, प्रवेश फुकट. २००९ मध्ये आणलेल्या तेरा बायसनांचा, म्हणजे अमेरिकी रानगव्यांचा, आता कळप झालाय. शंभर यार्ड अंतर ठेवा. आमच्या वाटेत एक आडवा बसला होता, आम्ही निमूट मागे फिरलो. कॉटनवुड फॉल्स गावातलं १८७३ चं दगडी कोर्ट अर्ध्या तासात बघून होतं.

जेवणाचं सोबत ठेवा. गावात काही मिळेल हे धरू नका, आणि शाकाहारी असाल तर कॉटनवुड फॉल्सलाही चीज सँडविच नि बटाट्यावर भागवावं लागेल. आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. फोनची रेंज टेकड्यांमागे जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

आणि गोचीड. पायमोज्यात पँट खोचा, फिक्या रंगाचे कपडे घाला. घरी आल्यावर कपडे धुवायच्या आधी दहा मिनिटं कडक गरम ड्रायरमध्ये फिरवा, नुसत्या धुण्याने ते मरत नाहीत. बाबांच्या स्वेटरवरचा एक मला तिसऱ्या दिवशी सोफ्यावर सापडला.