एफ-झिरो जीएक्सचा पहिला तास : तुम्ही विचारलेत म्हणून

अलीकडे मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा आहे : 'एफ-झिरो जीएक्स हा गेम खरोखरच इतका अवघड आहे, की मलाच जमत नाही?' कोणी आमच्याकडे तासभर खेळून निघताना दारात चपला घालता घालता हे विचारते, तर कोणी स्वतःच्या घरी खेळून झाल्यावर रात्री उशिरा फोन करते. मी हा शर्यतीचा व्हिडिओ गेम बरीच वर्षे खेळत आले आहे आणि निदान पंधरा-वीस जणांना तो पहिल्यांदा खेळताना शेजारी बसून पाहिले आहे, म्हणून एकदा सविस्तर उत्तर लिहावे असे ठरवले. गेम अवघड आहेच. मात्र पहिल्या तासात प्रत्येकाला जो अवघड वाटतो तो त्याचा वेग, आणि माझ्या मते खरी अडचण वेगात नाही.

हा प्रश्न आताच का येऊ लागला, याचे कारण सरळ आहे. गेम जुना आहे. निन्टेन्डोच्या गेमक्यूब या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी तो सेगा या गेम कंपनीच्या अम्यूझमेंट व्हिजन या विभागाने तयार केला आणि जपानमध्ये २५ जुलै २००३ रोजी तो बाजारात आला. त्या विभागाचे प्रमुख तोशिहिरो नागोशी यांनी त्याआधी 'डेटोना यूएसए' हा आर्केडमधला (म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवरचा) गाजलेला शर्यतीचा गेम घडवला होता, आणि जीएक्सच्या जोडीने 'एफ-झिरो एएक्स' नावाचे आर्केड यंत्रही काढण्यात आले होते. आपल्याकडे त्या काळात गेमक्यूब क्वचितच कोणाच्या घरी दिसत असे, त्यामुळे हा गेम आपल्यापैकी बहुतेक जण नुसता ऐकून होते. पुढे ५ जून २०२५ रोजी स्विच २ हे निन्टेन्डोचे नवे यंत्र आले आणि त्याच दिवशी निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेच्या सदस्यांना गेमक्यूबचे जे पहिले तीन गेम खेळायला मिळाले, त्यांत हा एक होता. बावीस वर्षांपूर्वीचा गेम अनेकांच्या हाती प्रथमच पडला, आणि आजच्या गेमनी लावलेल्या सवयी घेऊन ते त्याच्यासमोर बसले.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगते. जमिनीला न टेकता धावणाऱ्या तीस गाड्या, तीन फेऱ्या, आणि हवेत वळत, पिळत, उलटे होत जाणारे ट्रॅक. गतिमापकावर ताशी १००० किलोमीटरचा आकडा सहज ओलांडला जातो. नवा खेळाडू पहिली फेरी संपण्याच्या आत 'अरे बापरे, काही दिसतच नाही' असे म्हणतो. ही तक्रार अगदी खरी आहे, आणि ती किती खरी आहे हे मी एकदा कागदावर मांडून पाहिले. ताशी १००० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७८ मीटर. गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे दर दोन चित्रांच्या मध्ये गाडी साडेचार मीटरहून अधिक पुढे सरकलेली असते. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो असे धरले, तरी तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. याचा अर्थ असा की वळण आल्यावर वळायचे ठरवणाऱ्याला हा गेम कितीही चपळ बोटे असली तरी साथ देणार नाही, आणि 'माझे रिफ्लेक्सेस आता पूर्वीसारखे राहिले नाहीत' ही चाळिशीतल्या मित्रांची खंत इथे गैरलागू आहे.

हे मला प्रथम नीट समजले ते माझ्या आत्यामुळे. आत्या साठीच्या पुढची आहे आणि तिने आयुष्यात व्हिडिओ गेम खेळलेला नव्हता, पण ताम्हिणी घाटातून ती आजही स्वतः गाडी चालवत कोकणात उतरते. एका दिवाळीत मुलांचा खेळ पाहून तिने 'दे बरं इकडे' म्हणत कंट्रोलर मागून घेतला. आमची पोरे ज्या ट्रॅकवर दर वळणाला कठड्याला घासत होती, त्याच म्यूट सिटीच्या 'ट्विस्ट रोड'वर तिने तिन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. नंबर बराच मागचा आला, परंतु गाडी शाबूत होती. मी तिचे डोळे पाहत होते. मुले पडद्याच्या खालच्या भागात, स्वतःच्या गाडीकडे पाहत होती, आणि आत्याची नजर वर, जिथे रस्ता लहान होत होत नाहीसा होतो तिथे खिळलेली होती. तिला विचारले तर म्हणाली, "अगं, घाटात पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघत बसलीस तर वळण कळणारच नाही. वळणाच्या टोकाकडे बघायचं, गाडी आपोआप येते मागून." तेव्हापासून नवीन माणूस खेळायला बसला की मी बटणांच्याही आधी नजर कुठे ठेवायची ते सांगते, आणि बहुतेकांचे कठड्याला घासणे दोन-तीन शर्यतींत निम्म्यावर येते.

नजर सुधारली की वेगाची भीती जाते आणि मग खरी अडचण समोर उभी राहते. ती आहे ऊर्जेच्या पट्टीची, आणि तिच्यामुळेच हा गेम मला थोर वाटतो, म्हणून तिच्यावर जरा थांबून लिहिते.

आपल्या पिढीने टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर 'रोड फायटर' खेळलेला आहे. त्यात इंधन सतत कमी होत असे, धडक बसली की आणखी कमी होत असे आणि विशिष्ट रंगाची गाडी गाठली की थोडे वाढत असे. त्या गेममध्ये इंधन ही जपून ठेवायची वस्तू होती. पुढे जे संगणकावरचे शर्यतीचे गेम आले, त्यांनी नायट्रोची, म्हणजे क्षणभर वेग वाढवणाऱ्या इंधनाची, टाकी वेगळी आणि गाडीचे नुकसान वेगळे ठेवले. नायट्रो संपला तर संपला, गाडीला काही होत नसे. जीएक्समध्ये या दोन्हींची एकच पट्टी आहे. कठड्याला घासलात, दुसऱ्या गाडीने धडक दिली, की ती पट्टी उतरते. पहिली फेरी संपल्यावर मिळणारा बूस्ट, म्हणजे वेगाचा जादा झटका, वापरलात, तरी तीच पट्टी उतरते. ती पूर्ण संपली की गाडी फुटते आणि शर्यत तिथेच संपते. ट्रॅकवर ठरावीक ठिकाणी चमकते पट्टे असतात, त्यांवरून गेले की ऊर्जा परत भरते, आणि जितका वेळ त्यांवर राहाल तितकीच भरते. जिंकण्यासाठी जे खर्च करावे लागते तेच जिवंत राहण्यासाठी साठवावे लागते, अशी ही रचना आहे.

माझा भाचा नववीत आहे. त्याने पहिल्या दिवशी गोल्डन फॉक्स ही गाडी निवडली, कारण गाड्यांना मजबुती, बूस्ट आणि पकड यांसाठी ए ते ई अशी जी श्रेणी दिलेली असते, तिच्यात त्या गाडीच्या बूस्टसमोर ए होता. मजबुतीसमोर डी होता, तिकडे त्याने लक्ष दिले नाही. दुसरी फेरी सुरू होताच त्याने बूस्टचे बटण एकामागून एक चार वेळा दाबले, तेवीस गाड्या मागे टाकल्या, आनंदाने ओरडला, आणि पुढच्याच वळणावर कठड्याला जेमतेम स्पर्श होताच गाडी फुटली. पट्टी तोवर तळाला गेली होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, हे चीटिंग आहे, मी इतकासाच घासलो!" मी त्याला तीच शर्यत पुन्हा खेळायला लावली, मात्र या वेळी एकदाही बूस्ट दाबायचा नाही अशी अट घातली. तो नाखुशीने तयार झाला. शर्यत संपली तेव्हा त्याची पट्टी जवळजवळ भरलेली होती आणि तो बराच मागे होता. मग तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे हे सगळं उरलेलं मी खर्च करू शकलो असतो." त्याला गेम कळला तो क्षण हाच, असे मी मानते. तिसऱ्या वेळी त्याने चमकत्या पट्ट्याच्या अलीकडे बूस्ट वापरला आणि पट्ट्यावरून जाताना खर्च केलेली ऊर्जा भरून घेतली. हे त्याला मी सांगितलेले नव्हते.

कंट्रोलरचा मुद्दा लोक फारसा विचारत नाहीत, पण पहिल्या तासात त्याचाही वाटा असतो. वळताना गाडी त्या बाजूला झुकवण्यासाठी खांद्याकडची दोन बटणे आहेत आणि दोन्ही एकत्र दाबली की गाडी घसरत वळते. मूळ गेमक्यूबच्या कंट्रोलरवर ही बटणे अर्धवट दाबता येत, सायकलच्या ब्रेकप्रमाणे. स्विच २ च्या नेहमीच्या कंट्रोलरवर ती फक्त चालू किंवा बंद असतात. त्यामुळे हलक्या वळणावरही गाडी गरजेपेक्षा जास्त झुकते, आणि खेळणाऱ्याला वाटते की आपलाच हात जड आहे. अशा वेळी हलकी वळणे नुसत्या स्टिकने घ्यावीत आणि खांद्याची बटणे तीव्र वळणांसाठी राखून ठेवावीत, एवढे सांगितले की पुष्कळ फरक पडतो.

आता एका तक्रारीबाबत मी पूर्णपणे तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे. गेममध्ये ग्रां प्रीच्या, म्हणजे पाच-पाच ट्रॅकच्या 'कप' नावाच्या स्पर्धांच्या, शर्यतींखेरीज नऊ अध्यायांचा स्टोरी मोड आहे, त्यात कॅप्टन फाल्कन या नायकाची कथा पुढे जाते. आजकालच्या गेमच्या सवयीने लोक आधी कथाच उघडतात, कारण कथा म्हणजे शिकवणी अशी त्यांची समजूत असते. पहिला अध्याय सरावाचा आहे आणि त्यावरून ती समजूत पक्की होते. दुसऱ्या अध्यायात सामुराई गोरोह हा प्रतिस्पर्धी येतो, कोसळणाऱ्या दरडींमधून त्याच्याशी शर्यत लावावी लागते आणि तिथे नवखा माणूस वीस-वीस वेळा हरतो. पुढे सहाव्या अध्यायात गाडीत बॉम्ब असतो आणि वेग ताशी ७०० किलोमीटरच्या खाली गेला की तो फुटतो. सातव्यात सगळ्यांना मागे टाकून पहिले यावे लागते. हे अध्याय अनुभवी खेळाडूंच्या परीक्षेसाठी आहेत, परंतु गेम तसे कुठेही नीट सांगत नाही. दुसऱ्या अध्यायावर अडलेल्या माणसाने 'मला जमत नाही' असा निष्कर्ष काढला तर तो त्याचा दोष नाही, ती बनवणाऱ्यांची चूक आहे आणि इतक्या आवडत्या गेममध्ये ती मला आजही टोचते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने केवळ त्या अध्यायामुळे गेम महिनाभर उघडला नाही. तिला ग्रां प्रीतल्या पहिल्या, रुबी कपपासून सुरुवात करायला सांगितली तेव्हा ती त्याच आठवड्यात पुढच्या सफायर कपपर्यंत पोहोचली.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी असे सांगते. ग्रां प्रीत रुबी कप घ्या, काठिण्य नॉव्हिस, म्हणजे सर्वांत सोपे, ठेवा, गाडी मजबूत घ्या. फायर स्टिंगरे चालेल, ब्लू फाल्कनही चालेल. शर्यतीआधी ॲक्सिलरेशन आणि कमाल वेग यांच्यामध्ये सरकवायची जी पट्टी दिसते, ती सुरुवातीला ॲक्सिलरेशनच्या बाजूला ठेवा, म्हणजे धडकेनंतर गाडी लवकर सावरते. कपमधले पाचही ट्रॅक एकदम जिंकायचा हट्ट धरू नका. जो ट्रॅक छळतो तो प्रॅक्टिसमध्ये एकटेच दहा वेळा फिरून या आणि चमकते पट्टे कुठे आहेत, कोणत्या बाजूला कठडा नाही, उडी कुठे आहे एवढेच लक्षात ठेवा. उडीवरून उतरताना स्टिकने गाडीचे नाक सावरावे लागते, नाहीतर गाडी आपटते आणि वेग जातो. ही गोष्ट पहिल्या दिवशी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, तेव्हा तिचे वाईट वाटून घेऊ नका. एवढे करूनही गेम आवडला नाही तर जरूर सोडून द्या. वेगाने मळमळते अशी दोन माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना मी आग्रह केला नाही.

भाचा सध्या एमराल्ड कपच्या पहिल्याच ट्रॅकवर अडला आहे. फायर फील्डच्या त्या 'सिलिंडर नॉट'चा रस्ता एका प्रचंड नळकांड्याच्या बाहेरच्या अंगावरून जातो, त्याला कडा नाही, त्यामुळे डावीकडे राहावे की उजवीकडे हा प्रश्नच तिथे निरर्थक ठरतो आणि ऊर्जेचे पट्टे आपल्या बाजूला नसले तर नुसती हुलकावणी देऊन जातात. परवा त्याने फोन केला तेव्हा मी विचारले, कसे जायचे ते सांगू का? तो म्हणाला, "रविवारपर्यंत नको सांगूस."