आजोबांचा रंधा

सकाळी साडेसहालाच मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो. जळगावात मे महिन्यात दहानंतर तिथे फक्त पापड वाळतात.

मोडलेल्या बैलगाडीच्या बाभळीच्या फळीचा आईसाठी पाट करायचा होता. आजोबांचा लाकडी रंधा काढला, दोन हात मारले अन् टवकेच निघाले. पाचर सैल करून पातं काढलं, साधारण 25 अंशाचा उतार धरून दगडावर अर्धा तास घासलं. नखावर टेकवलं तर घसरलं नाही, म्हणजे धार लागली. तरी टवके!

गल्लीतले सुतारबाबा दूध घेऊन चालले होते. दारातूनच, "काय करी ऱ्हायना भाऊ?" आत येऊन फळीच्या कडेवरच्या रेषा बोटाने दाखवल्या आणि काही न बोलता फळी फिरवून ठेवली. रेषा ज्या बाजूला वर चढतात, त्या बाजूला रंधा ढकलायचा. मी इतके दिवस यूट्यूब बघतोय, पण कडेकडे कधी पाहिलंच नव्हतं. मग कांद्याच्या सालीसारखी सलग सालपटं निघाली. (दोन जपून ठेवलीत, हसू नका.)

खालच्या पट्ट्या राहिल्यात. एक बोटभर आखूड कापली गेली, करवत रेषेच्या आत शिरली. आई मघापासून विचारतेय, "आज पाटावर जेवायचं की खालीच?"