मांजरीला घरी सलाइन देताना

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या मांजरीला घरीच त्वचेखाली सलाइन द्यायचं ठरलं की सगळे घाबरतात ते सुईला. मीही त्यातलीच. आता एवढं करून झाल्यावर सांगते, सुई हा त्यातला सोपा भाग आहे. गडबड होते ती सलाइन थंड राहिल्याने, बाटली पुरेशी उंच न टांगल्याने, नाहीतर किती मिली गेलं याचा अंदाज चुकल्याने.

मूत्रपिंडं थकली की लघवी घट्ट करायची त्यांची ताकद जाते. मांजर घटाघटा पाणी पिते आणि त्याहून जास्त बाहेर टाकते. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. सलाइनने ते परत येत नाही. शरीर कोरडं पडत नाही, मळमळ कमी होते, मांजर खाते, एवढाच त्याचा उपयोग, पण तो मोठा आहे. मात्र नीट खाणाऱ्या, आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या मांजरीला बहुधा त्याची गरजच नसते. आणि हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय थेंबसुद्धा नको, जास्तीचं पाणी छातीत साठू शकतं.

चारेक किलोच्या मांजरीला एका वेळी साधारण १०० ते १५० मिली देतात, कुणाला रोज, कुणाला दोन-तीन दिवसांतून एकदा. तुमच्या मांजरीचा आकडा डॉक्टरच ठरवतील. बहुतेक वेळा रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाइन लिहून देतात. डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या पाण्याची, बाटली हुबेहूब तशीच दिसते आणि ती त्वचेखाली द्यायची नसते, म्हणून दर वेळी लेबल वाचायचं. हो, पन्नासाव्या वेळीही.

बाटली दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात उभी ठेवते. नळी भरताना दोन थेंब मनगटावर टाकून बघते, गरमही लागायला नको आणि गारही. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, कारण वरून कोमट वाटणाऱ्या बाटलीत मध्येच कढत पाणी असू शकतं. शांत बसणारी मांजर अचानक अंग थरथरवून पळायला लागली तर आधी थंड सलाइनवर संशय घ्यावा.

सुईच्या गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड. १८ नंबरने काम काही मिनिटांत उरकतं, २० ला जास्त वेळ लागतो, २२ ने तर मांजरीचा आणि आपला दोघींचाही धीर सुटतो. बारीक सुई दयाळूपणाची वाटते खरी, पण पंधरा मिनिटं धरून ठेवण्यापेक्षा क्षणभराची टोच मांजरीला परवडते. सुई दर वेळी नवी. दुखवते ती बोथट झालेली सुई.

बाटली मांजरीपेक्षा निदान मीटरभर उंच हवी, दाराच्या वरचा हुक चालतो. कडक प्लास्टिकची बाटली असेल तर हवा आत जायची सोय असलेला नळीचा सेट घ्या, नाहीतर अर्ध्यात धार मंदावते. नळीतली हवा आधी काढायची. तरी एखादा बुडबुडा गेलाच तर घाबरू नका, ही शीर नव्हे. फार तर कातडीखाली कुरकुर लागते.

मांजरीला आवळून धरलं की ती सुटायला बघते. वरचं झाकण काढलेल्या तिच्या पेटीत तिला बसवायचं, तोंड आपल्या विरुद्ध बाजूला. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखा आकार होतो. सुईचं तिरकं तोंड वर ठेवून, पाठीच्या कण्याला समांतर, त्या तंबूच्या पायथ्याशी आत सरकवायची. वरच्या दिशेने टोचली तर पलीकडून बाहेर येते किंवा आपल्याच बोटात घुसते. केस ओले होऊ लागले म्हणजे आरपार गेली, नळीवरचा धार कमी-जास्त करायचा रोलर बंद करा. धार थांबली तर सुई किंचित फिरवा किंवा जराशी मागे घ्या, बहुतेकदा टोक आतल्या बाजूला टेकलेलं असतं.

मापाबद्दल. बाटलीवरच्या रेघांवर मी विसंबत नाही. एक मिली म्हणजे साधारण एक ग्रॅम, तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटली आधी आणि नंतर तोलते. १०० ग्रॅम उतरले की १०० मिली गेले. चालू असताना अंदाजासाठी चिकटपट्टीची खूण पुरते.

सुई काढल्यावर तिथली कातडी अर्धा मिनिट चिमटीत दाबून ठेवायची. एक-दोन गुलाबी थेंब आले तर चालतात. पाण्याचा फुगा घसरत पुढच्या पायापर्यंत येतो, ओंगळ दिसतो, काही तासांत जिरतो. पुढच्या वेळेपर्यंत तो तसाच असेल तर सलाइन न देता डॉक्टरांना फोन करा. मांजर गाढ झोपलेली असताना श्वास मोजायची सवयही ठेवावी. मिनिटाला ३० च्या वर वारंवार जात असेल तर सलाइन थांबवून लगेच दाखवायचं.

वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक बरणीत जमवून दवाखान्यात परत द्यायच्या, घरच्या कचऱ्यात नाही. उरलेलं सलाइन गढूळ दिसलं किंवा त्यात कण तरंगताना दिसले तर बाटली टाकून द्यायची.

आणि एखाद्या दिवशी ५० मिलीवरच मांजर निसटली, तर तिला पलंगाखालून ओढून पुन्हा टोचू नका. दुसऱ्या दिवशी ठरलेलंच माप द्या, दुप्पट नाही.