तुम्ही विचारलंत म्हणून: सिंगापूरसारखे फटके आपल्याकडे का नाहीत?

सिंगापूरला राहते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. मुंबईहून आलेले पाहुणे विचारतात, फोनवर मामा विचारतात, इथल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतही कुणीतरी विचारतंच. "तिकडे वेताचे फटके देतात म्हणून सगळे सुतासारखे सरळ. आपल्याकडे का आणत नाहीत हा कायदा?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा जिन्यात पिंक टाकणारा नाहीतर रस्त्यात मुलींना छेडणारा कुणीतरी असतो.

पिंकवाल्याचं आधी निकालात काढते. थुंकलं, कचरा टाकला, च्युइंगगम चघळून रस्त्यावर टाकलं म्हणून इथे कुणालाही फटके बसत नाहीत. दंड होतो. वारंवार कचरा करणाऱ्याला भडक रंगाचं जाकीट घालून चारचौघांत झाडू मारायला लावतात, झालं. रस्ते स्वच्छ दिसतात ते मुख्यतः पहाटे उठून कुणीतरी ते झाडतं म्हणून, आणि तो झाडणारा बरेचदा बांगलादेशातून आलेला असतो.

मग फटके कशाला? दरोडा, बलात्कार, अमली पदार्थ. विनयभंगाला न्यायाधीशाला वाटलं तर. बेकायदा सावकारीला, म्हणजे थकलेल्या कर्जदाराच्या दारावर रंग फेकून धमक्या लिहून जाणारी पोरं असतात त्यांना. सार्वजनिक किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेवर रंगरंगोटी करण्याला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये संसदेने ऑनलाइन फसवणूक करणाऱ्यांसाठी किमान सहा फटके सक्तीचे करणारा कायदा मंजूर केला. आणि व्हिसाची मुदत संपल्यावर ९० दिवसांहून जास्त राहिलात तर किमान तीन. हे शेवटचं ऐकलं की पाहुणे "काय सांगतेस!" म्हणतात. कारण त्यात गुंड कुणी नसतो. असतो तो एजंटला पैसे देऊन आलेला, नोकरी गेलेला, घरी कर्ज असलेला एखादा मजूर.

"भर चौकात द्यायला पाहिजेत" हेही ऐकते. इथे चौकात काही होत नाही. सगळं तुरुंगाच्या भिंतीआड. माणसाला तारीख आधी सांगत नाहीत. डॉक्टर तपासतो, लाकडी चौकटीला वाकवून हातपाय बांधतात, कमरेवर मूत्रपिंडं वाचावीत म्हणून जाड पट्टा बांधतात आणि उघड्या ढुंगणावर पाण्यात भिजवलेल्या वेताने मारतात. कातडी फुटते. एका वेळच्या शिक्षेत जास्तीत जास्त २४. हप्त्याहप्त्याने द्यायची सोय नाही. मध्येच डॉक्टरने थांबवलं तर राहिलेल्या फटक्यांच्या बदल्यात कैद वाढू शकते. बायकांना फटके नाहीत, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनाही नाहीत. (मला हा प्रश्न विचारणारे बहुसंख्य पन्नाशी ओलांडलेले पुरुष आहेत, एवढंच नोंदवते.)

गोऱ्यांनाही सोडत नाहीत, हे मात्र खरं. १९९४ मध्ये मायकल फे नावाच्या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाला गाड्यांवर स्प्रे मारल्याबद्दल सहा फटक्यांची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी रदबदली केली, तेव्हा सहाचे चार झाले, पण झाले. गंमत म्हणजे अमेरिकेतल्याच कित्येकांनी "बरं केलं" म्हणून सिंगापूरची बाजू घेतली. परक्याच्या कायद्यात आपल्या शेजारच्या पोराचा परस्पर बंदोबस्त होताना पाहणं सगळ्यांनाच आवडतं, फक्त आपल्याकडच्यांनाच असं नाही.

आता मूळ प्रश्न, आपल्याकडे का नाही. अहो, होता की! सिंगापूर १८६७ पर्यंत कलकत्त्याहूनच चालवलं जायचं, आणि इथली दंडसंहिता आपल्या इंडियन पीनल कोडवरूनच बेतलेली आहे. खुनाला इथेही ३०२ आणि फसवणुकीला ४२०. आपल्याकडे जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली आणि चारसोबीस गेली. सिंगापुरात ती अजून नांदते आहे. फटक्यांचंही तसंच. १८६४ साली इंग्रजांनी भारतात व्हिपिंग ॲक्ट आणला. १८९४ च्या आपल्या तुरुंग कायद्यात वेत किमान अर्धा इंच जाड हवा असं लिहिलंय. सिंगापूरचा आजचा कायदा म्हणतो, वेत १.२७ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. गणित करून पाहा, अर्धा इंचच भरतो.

ते फटके खाल्ले कुणी? १९२१ मध्ये काशीत असहकाराच्या चळवळीत पकडलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाला पंधरा फटके दिले गेले. तो चंद्रशेखर आझाद. आपण शाळेत तो धडा छाती फुगवून वाचला, पण सरकारी कागदात तो गुन्हेगारच होता, आणि कायदाही अगदी रीतसर होता. १९५५ मध्ये संसदेने कोर्टाची फटक्यांची शिक्षा रद्द केली. तेव्हा सभागृहात स्वतः तुरुंग पाहून आलेली माणसं बसली होती. वेताचा विचार करताना आपण मारणाऱ्याच्या बाजूला उभे नसू शकतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पण गुन्हे कमी आहेत ना?" आहेत. रात्री शेवटच्या गाडीने एकटी घरी येते, मागे वळून बघत नाही, आणि हे सुख मी नाकारणार नाही. पण हाँगकाँगलाही इंग्रजांनी वेत दिला होता. त्यांनी तो १९९० मध्ये टाकून दिला, आणि तिथेही बाई रात्री एकटी फिरते. जपानमध्ये वेत नाही, तिथेही फिरते. इथे छेड काढणारा घाबरतो तो आधी पकडले जाण्याला. स्टेशनात, लिफ्टमध्ये, बसमध्ये कॅमेरा आहे, चौकीवर बाईची तक्रार मुकाट लिहून घेतात, आणि निकाल लागेपर्यंत तिचं लग्न होऊन मुलं शाळेत जात नाहीत. हे मी मामांना सांगते तेव्हा ते म्हणतात, "ते आपल्याकडे कुठलं व्हायला!" म्हणजे अवघड ते होणार नाही, तेव्हा निदान वेत तरी द्या. ज्या व्यवस्थेवर तक्रार लिहून घेण्याइतकाही विश्वास नाही, तिच्याच हातात? माझं उत्तर तिथेच संपतं.

आणि मामा, धाकट्याला इकडे नोकरीला पाठवायचं चाललंय ना तुमचं? पासवरची तारीख त्याला स्वतःला तपासायला सांगा. एजंट म्हणेल, "चार दिवस इकडेतिकडे, चालतं." नव्वद दिवसांच्या पुढे गेलं की नुसत्या दंडावर भागत नाही.