लाइटसेबर की भंगारबाजार?

1977 च्या स्टार वॉर्स सिनेमातली हिरो ल्यूकची लाइटसेबर, म्हणजे ती प्रकाशाच्या पात्याची तलवार, आठवते ना? तिची मूठ म्हणजे चक्क जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा आहे, ग्राफ्लेक्स कंपनीचा, आत बॅटरीचे सेल बसायचे त्यात. सेट डेकोरेटर रॉजर क्रिश्चनकडे बजेट तुटपुंजं, त्याला तो लंडनच्या एका फोटोग्राफीच्या दुकानात सापडला, मग त्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची फुगीर भिंगांची पट्टी लावली आणि झाली तलवार!

पण खरी कमाल फॅन मंडळींची. ल्यूकचा गुरू ओबी-वान, त्याच्या तलवारीच्या मुठीत तर काय काय निघालं, पहिल्या महायुद्धातला रायफल ग्रेनेड, रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनाचा पार्ट आणि नळाची मूठ, हो, साध्या नळाची!! हे सगळं लोकांनी जुने अंधुक फोटो झूम करकरून, एकेक खाच जुळवून शोधलंय, एवढा पेशन्स आणतात कुठून देव जाणे. व्हिलन व्हेडरच्या तलवारीची मूठ पण फ्लॅशचीच, ब्रिटिश एमपीपी कंपनीचा मायक्रोफ्लॅश.

वैताग आलाय तो जुने कॅमेरे जमवणाऱ्यांना, कारण हे दांडे फॅनच उचलतात आणि भाव कुठच्या कुठे गेलेत. माझं विचाराल तर ओरिजिनलची कापाकापी नको, सरळ रेप्लिका घ्या.