आधी मळ ओळखायचा

दिवाळीआधी आम्हा घरसफाईवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. तेव्हाच माहीमला, समुद्राकडच्या एका इमारतीतून बोलावणं आलं. वहिनींची अट एकच होती, काचा पुसायचा कुठलाही स्प्रे घरात आणायचा नाही. सासूबाईंना दमा. आदल्या वर्षी आलेल्या माणसांनी खिडक्या लावून घेऊन स्प्रे मारला आणि आजींना रात्री नेब्युलायझर लावावा लागला. काचेच्या बऱ्याच स्प्रेंमध्ये अमोनिया असतो. त्याचा वास धडधाकट माणसाच्याही नाकाडोळ्यांना झोंबतो, मग दमेकऱ्याची काय कथा!

सकाळी लवकरच गेले, कारण पश्चिमेच्या काचांवर ऊन यायच्या आत काम उरकायचं होतं. उन्हात पाणी काचेवरच सुकतं आणि ओघळांचे पट्टे राहतात. हॉलच्या काचेवरून बोट फिरवलं तर चिकट लागलं. हा खारा वारा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यावर धूळ बसते, गाड्यांची काजळी बसते. असा थर कोरड्या फडक्यानं घासला की धुळीतली बारीक रेती काचेला चरे पाडते. म्हणून सरकत्या खिडकीची झडप वर उचलून ट्रॅकमधून काढली, मोरीत उभी केली आणि आधी नुसतं पाणी सोडलं. मिठाला पाण्याशिवाय काही लागत नाही. शिवाय बाहेर वाकून पुसण्याचा धोका टळतो. माझ्या हाताखालच्या कामाच्या मुलींना मी खिडकीच्या कट्ट्यावर चढू देत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

काजळीचा तेलकटपणा मात्र नुसत्या पाण्यानं जात नाही. त्यासाठी आजींनी आदल्या रात्रीच रिठे भिजत घातले होते, सकाळी उकळून गाळून ठेवले होते. “माझा लग्नातला शालू अजून ह्यातच धुते मी,” त्या म्हणाल्या. “काचेला चालेल ना गं?” चालतंच. रिठ्यातलं सॅपोनिन फेस धरतं आणि तेलकट मळ सोडवतं. फक्त ते पाणी डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, फार चुरचुरतं. वरून स्वच्छ पाणी, वायपर, आणि कडेला जुन्या धोतराचं फडकं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताचे धागे काचेवर राहत नाहीत. वर्तमानपत्राचा कागदही चांगला, पण चौकट पांढरी असेल तर शाई लागते.

बाल्कनीची काच वेगळीच होती. तिथल्या कुंड्यांना बोअरिंगचं पाणी घालत, त्याचे शिंतोडे सुकून चुनखडीचे पांढरे ठिपके धरले होते. भातसा-वैतरणेकडून नळाला येणारं पाणी त्या मानानं हलकं, बोअरिंगचं जड. इथे रिठा उपयोगाचा नाही, आंबटच हवं. निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी, त्यात भिजवलेली फडकी काचेवर चिकटवून ठेवली. खालचा कट्टा संगमरवरी, म्हणून त्यावर आधी प्लॅस्टिक आणि जाड टॉवेल अंथरला. कोपऱ्यात एक निस्तेज चट्टा होताच, कुणीतरी तिथं लिंबू पिळून घासलेलं. संगमरवर काय, कडाप्पा काय, दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड, आंबट त्यांना खातं.

मी फडकी काढायला वळले तर घरच्या मावशी ब्लीचची बाटली उघडून उभ्या. रबराच्या पट्टीवर पावसाळ्यात धरलेली काळी बुरशी त्यांना काढायची होती, आणि काच तर व्हिनेगरनं निथळत होती. मी त्यांचा हातच धरला. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. आजी शेजारच्याच खोलीत बसल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या फळीवरचं व्हिनेगर म्हणून कुणाला त्याची भीती वाटत नाही, पण दम्याच्या घरात एवढं पुरे झालं असतं. मावशींना नीट बसून सांगितलं, बाटली बंद करून बाहेर ठेवली. बुरशी साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं निघाली, मग पट्टी कोरडी पुसून घेतली. आजींनी दिवसभर एकदाही पंप घेतला नाही.

एक काच तेवढी राहिली. इमारतीच्या दुरुस्तीला परांची बांधली होती तेव्हा सिमेंटचं पाणी तिच्यावरून ओघळलं होतं आणि कुणी वेळेवर धुतलं नव्हतं. डाग निघाला, पण खालची काच खरखरीत लागली. सिमेंटच्या क्षारानं काचच खाल्लेली, तिथं रिठाही नाही आणि व्हिनेगरही नाही. वहिनींना स्पष्ट सांगितलं, घासत बसू नका, काचवाल्याला बोलावून बदलून घ्या. त्या काचेचे पैसे मी लावले नाहीत. आणि कुंड्यांना बोअरिंगचंच पाणी घालायचं असेल तर त्या काचेपासून हातभर लांब सरकवा, एवढं मावशींना बजावून निघाले.