साताऱ्याचं ऊन

आज शाहूपुरीतल्या एका घराचं रेंडरिंग, म्हणजे संगणकावर खरंखुरं वाटणारं चित्र, करत होते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश 17.68, रेखांश 74, टाइम झोन साडेपाच भरला, नकाशावरून उत्तर दिशा जुळवली आणि तारीख 21 जून टाकली. दुपारी सूर्य चक्क उत्तरेला! सकाळी आठला तर उत्तरेच्या खिडकीतून तिरकं ऊन ओट्यावर येतं. (जूनमध्ये आपल्याकडे ढगच असतात, म्हणून माझा खरा भर मे महिन्यावर. 12 मेच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर.)

आपली घड्याळं 82.5 रेखांशावर चालतात. सातारा त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला, अंशामागे 4 मिनिटं, म्हणजे इथली खरी मध्यान्ह साधारण साडेबारानंतर. तयार एचडीआरआय आकाश (खऱ्या आकाशाचा चहूबाजूंचा फोटो) लावून चित्र देखणं येतं, पण ते ऊन कुठल्या गावचं कोण जाणे!

संध्याकाळी, ज्यांचं घर आहे त्या काकूंना मे महिन्यातले पाच वाजवून दाखवले. पश्चिमेच्या बेडरूममध्ये ऊन पार पलंगापर्यंत. छज्जा अजून पुढे काढू, म्हणाल्या. पण एवढं उतरलेलं ऊन छज्जाखालून शिरतंच, तिथे उभी जाळीच हवी. जाळी घालून परत रेंडर लावलाय. उद्या सकाळी त्यांना पाठवते.